डाव्या हाताचं दुसरं बोट

…आणि तो काउंटरवरचा पोट्टा उलटा मलेच विचारते, "मावशी, तुम्ही बोटं कुठून मोजता?"

आता तुम्हाले सांगतो, पन्नाशी आली माझी, चौथी पास हाय मी, बारा बायांची टोळी घेऊन धानाच्या रोवण्याले जातो, बांधीत रोपाच्या पेंड्या किती पडल्या अन् किती उरल्या हे सारं या एका हातावर मोजतो, पन आजवर कोण्या माईच्या लेकानं मले विचारलं नव्हतं का बाई, तू बोटं कुठून मोजते. कुठून मोजतेत? करंगळीपासून मोजतेत. माझी माय करंगळीपासून मोजे, तिची माय करंगळीपासून मोजे, आमच्या करडी गावात तुम्ही कोण्याही अंगणात जा अन् विचारा, बाई हात उघडीन, अंगठा करंगळीच्या बुडाले लावीन अन् म्हणीन, एक. अंगठ्यापासून मोजणारा माणूस मी पहिल्यांदा भंडाऱ्याच्या दवाखान्यात पाहिला, तेबी काचेच्या मागं बसलेला, गळ्यात पट्टा घातलेला. अन् त्याच्या एका मोजण्यापायी माझं बोट आठ दिवस कागदात अडकून राहिलं…

थांबा. उलटं सांगून राहिली मी. मधातूनच सुरू झाली. पहिले नंबराचं सांगतो, मंग बोट आपोआप समजीन.

माझी पोरगी तृप्ती. बी.एस्सी. झाली, नागपुरात सहा महिन्यांचा कोर्स केला, अन् आता घरीच बसून नोकरी करते. टेबल कुठं? तर धानाच्या कोठीजवळ, तिथं नेट येते म्हणून. लोक विचारतेत, बायजाबाई, पोरगी काय करते? सहा महिने मलेच समजलं नव्हतं तर सांगू काय? मंग एक दिवस मी चहाचा कप घेऊन तिच्या मागं उभी राहिली अन् म्हटलं, "मले समजावून सांग. नाही समजलं तं चहा नाही." तर ती सांगते, "आई, अमेरिकेत कोणाले काही दुखलं-खुपलं का तिथला डॉक्टर ते कागदावर लिहिते. तो कागद माझ्याकडे येते. मी वाचतो अन् त्याचा नंबर लावतो. त्या नंबरावरून तिकडे बिल होते, विमा मंजूर होते."

मले हे काही पचेना. तिकडे माणसाचं बोट मोडते, इकडे करडीत माझी पोरगी कोठीजवळ बसून त्याले नंबर लावते, मधात म्हणतेत समुद्र हाय. "एवढे नंबर कुठं असतेत?" तर म्हणते, "पुस्तक हाय. सत्तर हजारांच्या वर नंबर हायेत." सत्तर हजार दुखणी! माझ्या सासूले सात माहीत होती अन् ती साऱ्या गावाले पुरली.

बस, तिथून मले नादच लागला. सांडशी हातातून सटकली का मी विचारो, "याचा नंबर काय गं?" गरम तव्याचा चटका बसला, याचा नंबर काय गं? पोरगी बिचारी सांगे. भाजलं तर कुठं भाजलं, घरात भाजलं तर कोण्या खोलीत, स्वयंपाकघराचा नंबर वेगळा अन् न्हाणीचा वेगळा. मी म्हटलं गायीनं लाथ मारली तर? म्हणे हाय. पोपट चावला तर? हाय. बदक चावलं तर? तर म्हणते, "आई, बदक चावलं तर वेगळा, बदक येऊन आदळलं तर वेगळा." घ्या. अमेरिकेत बदकं माणसाले येऊन आदळतेत अन् आपण म्हणतो सुधारलेला देश. मंग मी जराशी दबकून विचारलं, "अन् सासरच्या लोकाइशी पटत नसन तर?" तिनं दोन बटनं दाबली. "हाय ना," म्हणते, "हा बघ."

मी खालीच बसली. तीस वर्षं म्या जे भोगलं त्याले नंबर होता अन् मले कोणी सांगितलं नाही. माझ्या सासूच्या टायमाले कुठं गेलतं हे पुस्तक?

अन् नंबराच्या शेवटी एक अक्षर राहते, ते तर फारच गमतीचं. मोडलं अन् इलाज चालू हाय, तर एक अक्षर. जुळून राहिलं, तर दुसरं. जुळाले उशीर करून राहिलं, त्याले तिसरं. अन् एक अक्षर असं हाय का जुळलं, पन वाकडं जुळलं. मी म्हटलं तृप्ती, ज्यानं हे पुस्तक लिहिलं त्याच्या घरीबी भाऊबंद असन. आमच्याच गल्लीत दोन भावांची वाटणी झाली, पाणी भराले एकाच नळावर येतेत, बोलतेतबी, पन पाहा तुम्ही कसे बोलतेत ते. वाकडं जुळलेलं हाय. मी आता माणसं पाहिली का मनात अक्षर लावतो. सवयच लागली.

तर असं चालू होतं. अन् एक दिवस तृप्ती कागद वाचता वाचता हसली. मी विचारलं काय झालं? नाव सांगाची तिले बंदी हाय, गावबी सांगत नाही, पन एवढं म्हणाली का एका माणसानं कुत्र्याले फिराले नेलं, कुत्र्याचा पट्टा बोटाले गुंडाळून घेतला, अन् कुत्रं खारीच्या मागं पळालं. बोट मोडलं. आता तुम्हाले सांगतो, मी इतकी हसली, इतकी हसली का धानाच्या कोठीले धरून उभी राहिली. अरे बाबा, एवढा शिकलेला तू, विमा काढलेला तू, जनावराचं दावं कधी बोटाले गुंडाळतेत का? आमच्याकडे सहा वर्षांच्या लेकराले माहीत हाय. दावं मुठीत धराचं, जनावर पळालं का सोडून द्याचं. बोटाले गुंडाळाचं नाही. मी तृप्तीले म्हटलं, "त्याच्या कागदावर लिही, अक्कल बोटाले गुंडाळली होती. याचा नंबर काय?" ती म्हणे, "याचा नाही आई."

हे लक्षात ठेवा. अक्कल बोटाले गुंडाळली. हे वाक्य माझं हाय.

कारण चार दिवसांनी राधाबाई. राधाबाई म्हणजे माझी शेजारीण, मधात एक कुडाची भिंत, माझ्याच टोळीतली. सातवी शिकली हाय. चौथी पास बाई टोळीची पुढारीण अन् सातवी पास बाई तिच्या हाताखाली, हे तिले वीस वर्षांपासून जुळून राहिलं नाही. तर आम्ही बाया पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पाहाले निघालो, राधाबाई बकरी घेऊन रस्त्यात उभी, गप्पा मारून राहिली, अन् बकरीचं दावं? बोटाले दोन येढे. आता मी गप बसणारी बाई नव्हं. अकरा जणींसमोर म्हटलं, "राधाबाई, अक्कल बोटाले गुंडाळली का?" अन् वरून अमेरिकेच्या माणसाची गोष्ट सांगितली. बाया हसल्या. राधाबाईबी हसली, पन कसं हसली… त्याले पुस्तकात अक्षर असन.

बरं. आता पुढचं जे सांगतो ते तुमच्यात ठेवा.

सोमवारची गोष्ट. सकाळी मी वगारीले बोडीवर, म्हणजे गावच्या लहान तळ्यावर, पाणी पाजाले नेली. वगार म्हणजे म्हशीची पोरच समजा, दोन वर्षांची, अंगात मस्ती. राधाबाई पलीकडे पाठ करून लुगडं धूऊन राहिली होती. मी उभी. मनात काय चालू? तर रोवण्याचा हिशेब. बारा बाया, माझ्या हातावर बारा पेरं, एका पेरावर एक बाई, करंगळीच्या बुडापासून सुरू. अंगठा मोजते. अन् मोजता मोजता माझ्या डाव्या हातानं आपल्याच मनानं ते दावं… मले खरंच आठवत नाही कधी गुंडाळलं. उजव्या हातानं डोक्यावरचा पदर सारखा कराचा होता, असन. पलीकडून कोणाचं तरी कुत्रं भुकलं, वगार उधळली, अन् माझ्या हातातून आवाज आला. वाळलेली तुरीची काडी मोडते ना, तसा.

पहिले मी बोटाकडे पाहिलं नाही. पहिले राधाबाईकडे पाहिलं. तिची पाठच होती. मंग बोटाकडे पाहिलं. करंगळीच्या बाजूचं बोट, त्याचं बुडाजवळचं पेर. करंगळीची तीन, म्हणजे हे चौथं. अन् चौथ्या पेरावर कोण असते माझ्या मोजण्यात? राधाबाई.

मी घरी आली अन् सांगितलं, शेताच्या धुऱ्यावरून पाय घसरला. तृप्तीच्या बापाले तेच, गल्लीत तेच, हात पाहाले आलेल्या राधाबाईलेबी तेच. हळद लावली, पंचा गुंडाळला, सारा हात भोपळ्यावानी. मी म्हटलं सरकारी दवाखान्यात जाऊन येतो. तृप्ती म्हणे, "आई, माझ्या कंपनीनं तुले विम्याचं कार्ड देलं हाय, ते कायले हाय मंग? ट्रंकेत ठेवाले?" पोरीच्या डोळ्यात पाहिलं तर तिले वाटून राहिलं होतं का आपण साऱ्या जगाचे नंबर लावतो, आता आपल्या माईच्या एका हाडाले तरी ते कामी यावं. मंग गेलो भंडाऱ्याले, हाडांच्या दवाखान्यात.

तिथं डॉक्टरच्या आधी काउंटर. काउंटरवर तो पोट्टा, गळ्यातल्या पट्ट्यावर नाव अंकुश. "मावशी, कोणता हात?" डावा. "कोणतं बोट?" आता हात तर पंचात गुंडाळलेला, दिसते काय त्याले? मी म्हटलं, "दुसरं." त्यानं लिहिलं. मंजुरीचा कागद तिथूनच विम्याच्या कंपनीकडे गेला. मी म्हटलं वा, काय काम हाय.

मंग फोटो काढला, डॉक्टरनं पाहिला, बोटाभोवतीचा वळ पाहिला अन् हळूच विचारलं, "दावं होतं का?" आता तुम्हाले सांगतो, मी साऱ्या गावाशी खोटी बोलली, पन डॉक्टरशी खोटं बोलून हाड कसं जुळीन? म्हटलं, "हो. पन मोठ्यानं लिहू नका." त्यांनी लिहिलं. अन् म्हणाले का हाड सरकलेलं हाय, हाडात तार टाका लागते, दहा दिवसांच्या आत. नाही टाकली तर वाकडं जुळीन अन् मूठ पूर्ण बंद होणार नाही.

मूठ. तुम्हाले वाटन एका बोटाचं काय एवढं? अहो, विळा उजव्या हातात राहते, पन धान डाव्या मुठीत राहते. मूठ बंद झाली नाही तर कापणीले धान धरू कशात, दातात? यंदाचा रोवणा तर गेलाच, तो धुऱ्यावर उभं राहून बघता येते. पन मूठ गेली का बाई गेली. ज्या बाईच्या मुठीत धान राहत नाही तिच्या टोळीत बाया कायले राहतीन? सातवी पास बाई बाजूलेच उभी हाय.

मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवार गेला. मी दर तासाले विचारो, "आला का नंबर?" शुक्रवारी तृप्तीचा मोबाइल वाजला. तिनं वाचलं अन् तिचं तोंड उतरलं. विम्याच्या कंपनीनं मंजुरीचा कागद परत केला. म्हणतेत, दवाखान्याच्या कागदावर अंगठ्याजवळचं बोट मोडलं हाय अन् फोटोत करंगळीजवळचं मोडलं हाय, तर तुमचं नेमकं कोणतं बोट मोडलं?

मी म्हटलं त्याइले बोलाव इथं, हेच बोट नाकासमोर धरून दाखवतो.

मंग गेलो पुन्हा काउंटरवर, अन् तिथं ते झालं जे पहिले सांगितलं. मी म्हटलं, "दुसरं सांगितलं होतं, अंगठ्याजवळचं काहून लिहिलं?" तर तो म्हणते, "मावशी, अंगठा पहिला, त्याच्याजवळचं दुसरं. तुम्ही बोटं कुठून मोजता?" मी म्हटलं, "करंगळीपासून. अन् अंगठा मोजतच नाही." "काहून मोजत नाही?" "काहून म्हणजे? अंगठा मोजणारा हाय बाबू. मी बांधीत बाया मोजतो तर मले मोजतो का त्याइच्यात?" लायनीत मागं उभी असलेली एक म्हातारी म्हणे, "बरोबर हाय बाई, आमच्या लाखांदूरकडेबी करंगळीपासूनच हाय." मागचा एक फॅक्टरीवाला माणूस म्हणे नाही, अंगठ्यापासून. झाली ना सुरुवात, सारी लायन आपापला हात उघडून मोजाले लागली. कोणाच्या हाताले सलाईन, तोबी मोजून राहिला. अंकुश काचेच्या मागं स्वतःचा हात उलटासुलटा करून पाहून राहिला. पोट्टा वाईट नव्हता. म्हणे, "मावशी, मी तर जन्मापासून असंच मोजतो." मी म्हटलं, "कोणी शिकवलं?" तो विचारातच पडला. म्हणे, "कोणीच नाही."

परत येताना एसटीत मी तृप्तीले विचारलं, "तुमच्या पुस्तकात कसं हाय?" तर म्हणे, "आमच्या पुस्तकात अंगठा वेगळाच ठेवते आई. त्याचा नंबरच निराळ्या घरात हाय. बाकी चार बोटं एका घरात." ऐकलं? सारी अमेरिका माझ्या बाजूनं. मी म्हटलं, "मंग पहिलं कोणतं, दुसरं कोणतं?" तर म्हणे, "पहिलं-दुसरं नाहीच. प्रत्येकाचं नावच लिहितेत. डाव्या हाताचं अंगठ्याजवळचं असन तर शेवटच्या अक्षराआधीचा आकडा एक, करंगळीजवळचं असन तर पाच." मी इकडे-तिकडे पाहिलं अन् हळूच म्हटलं, "मंग तूच लाव ना. एकाचा पाच करून दे. घरचंच काम हाय."

पोरीनं माझ्याकडे असं पाहिलं का मले माझी माय आठवली. म्हणे, "आई, डॉक्टरनं लिहिल्याशिवाय आम्ही एक टिंबबी हलवत नाही. तो कुत्र्याचा पट्टावाला माझा कोण लागते? तरी त्याचं खोटं लिहिलं नाही. अन् तुझं लिहू?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. चौथी पास बाईच्या पोटी अशी पोरगी आली म्हणून खुश व्हावं का बोट वाकडं जुळीन म्हणून रडावं, याचा नंबर काय?

तर कंपनीले पाहिजे होतं एक खुलासापत्र. दुखणेकऱ्यानं स्वतः लिहाचं, कोणतं बोट, कसं मोडलं, कुठं मोडलं. अन् खाली सही. अन् एक साक्षीदार, जो तिथं हजर होता. घरचा चालत नाही. सरपंच चालते का? नाही, हजर पाहिजे. तलाठी? नाही. वगारीचा अंगठा चालीन का, ती हजर होती? तृप्ती म्हणे, "आई, बोडीवर कोण होतं?"

तुम्हाले माहीतच हाय कोण होतं.

आता पाहा माझा पेच. डॉक्टरच्या कागदात लिहिलं हाय, दावं बोटाले गुंडाळून मोडलं. खुलाशात धुऱ्यावरून घसरली म्हणून लिहिलं तर आणखी एक मेळ बसत नाही, अन् आणखी आठ दिवस जातेत. दावं लिहिलं तर राधाबाई वाचन, सही करन. शनिवार होता. दहातले पाच दिवस संपले. एका बाजूले मूठ, दुसऱ्या बाजूले इज्जत. मी दुपारपर्यंत जेवली नाही. तृप्तीचा बाप म्हणे, "राहू दे, वाकडं तर वाकडं." मी म्हटलं, "तुमचं काय जाते, तुम्हाले तसंच चालते साऱ्या जन्माचं."

मंग बसली लिहाले. उजव्या हातानं, चौथीतल्या अक्षरानं. वर लिहिलं, सप्रेम जय भीम. तृप्ती म्हणे, "आई, हा खुलासा हाय, चिठ्ठी नव्हं." मी म्हटलं, "खुलासा करणाऱ्यानं नमस्कार नाही कराचा का? आधीच ते माझ्यावर रागावून बसले हायेत." राहू दिलं. खाली लिहिलं, मी बायजाबाई, राहणार करडी, माझी वगार नामे लाली हिचं दावं मी स्वतः माझ्या डाव्या हाताच्या… अन् तिथंच पेन थांबला. पाच मिनिटं थांबला. मंग लिहिलं.

राधाबाई अंगणात अंबाडीची भाजी निवडून राहिली होती. मी कागद समोर धरला. "सही पाहिजे, बाई. साक्षीदार म्हणून." ती म्हणे, "कायची?" म्हटलं, "वाचून घे." तर म्हणे, "थांबा, चष्मा आणतो." चष्मा आणला. पदरानं पुसला. वाचाले लागली, अन् मनात नाही, मोठ्यानं. शाळेतल्या पोरीवानी, एक एक शब्द. "माझी… वगार… नामे लाली… हिचं दावं… मी स्वतः… बोटाले… गुंडाळून…" थांबली. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पुन्हा कागदाकडे. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मी उभी. मले माहीत होतं का आता येते. माझंच वाक्य येते, माझ्याच अंगावर. मारते आता, मारते आता… कान तयार ठेवले होते. नाही मारलं. तिनं विचारलं, "कोणतं बोट लिहिलं?" म्हटलं, "दुसरं. डाव्या हाताचं." "करंगळीपासून ना?" "हो." "मंग बरोबर हाय," म्हणे, "पन शहरातल्याइले समजणार नाही." अन् सहीच्या वर तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं, सातवीच्या अक्षरात, माझ्यापेक्षा गोल: दुसरं म्हणजे करंगळीच्या बाजूचं, आमच्या भागात करंगळीपासून मोजतेत, अंगठा मोजत नाहीत, मी समक्ष हजर होती अन् आवाज ऐकला.

आवाज ऐकला? मी म्हटलं, "तुझी तर पाठ होती." म्हणे, "पाठ होती, कान होते ना. अन् मंग तुम्ही म्हणता धुऱ्यावरून घसरली. मी काय बोलू?"

म्हणजे पाहा, सहा दिवसांपासून या बाईले माहीत होतं. माझा हात पाहाले आली, धुऱ्याले शिव्या देल्या, हळद वाटून देली, अन् माहीत होतं. मी तिची अर्धी भाजी निवडून देली, एका हातानं, अन् घरी आली.

सोमवारी मंजुरी आली. तृप्तीले विम्याच्या कंपनीतल्या एका बाईचा फोन आला, ती म्हणे तुमच्या साक्षीदारानं फार स्पष्ट लिहिलं, असं सारेच लिहितीन तर आमचं काम सोपं होईन. मंगळवारी तार टाकली. नववा दिवस. महिनाभरानं काढली. आता पाहा, ही मूठ. बंद होते. एक धानाचा दाणा जाईन एवढी फट राहते, पन धान काही दाण्या-दाण्यानं धरत नाहीत. डॉक्टर म्हणे छान जुळलं. मी घरी येऊन तृप्तीले पहिले हेच विचारलं, "अक्षर कोणतं?" म्हणे, "जुळून राहिलं वालं. चांगलं वालं."

मंग मी विचारलं, "अन् त्या कुत्र्यावाल्याचं?" म्हणे, "त्याची फाइल पुन्हा आली नाही माझ्याकडे." आता हे मले सुधरत नाही. त्याचं जुळलं का नाही, तार टाकली का, मूठ बंद होते का, कोणाले माहीत? मी त्याले हसली होती. तिकडेबी कोण्या कोठीजवळ कोणी पोरगी बसून माझा कागद वाचत असन अन् तिची माय चहाचा कप घेऊन हसत असन का? हसू दे. मी तर हसली होती.

हो, राधाबाईचं राहिलंच.

रोवणा सुरू झाला तेव्हा बोटात तार होती, म्हणून मी धुऱ्यावर उभी, बारा जणी बांधीत वाकलेल्या. पहिल्याच दिवशी रस्त्यानं एक बकरी गेली. राधाबाईनं कंबर सरळ केली, अन् गोड आवाजात, एकदम काळजीनं म्हणे, "बायजाबाई, बकरी आली वो. हात मागं घ्या."

अकरा बाया चिखलात बसल्या हसू हसू.

दुसऱ्या दिवशी म्हैस आली, हात मागं घ्या. तिसऱ्या दिवशी एसटी आली, हात मागं घ्या. पाटलाचा ट्रॅक्टर आला, हात मागं घ्या. साक्षगंधाले जाणारे पाव्हणे आले, तरी हात मागं घ्या. रोवणा संपला, निंदण संपलं, आता धान पोटरीत आलं, अजून चालूच हाय. माझं वाक्य एकदाबी परत मारलं नाही तिनं. ते मारलं असतं तर एका दिवसात संपलं असतं. हुशार हाय बाई, सातवी काही फुकट नाही शिकली.

काल मी तृप्तीजवळ गेली. चहा देला. म्हटलं, "शेजारणीशी पटत नाही, याचा नंबर काय गं?" मले वाटलं नसन. तिनं दोन बटनं दाबली. "हाय," म्हणे.

मले जरासं बरं वाटलं. म्हटलं, "लाव. राधाबाईच्या नावानं लाव. अन् शेवटी ते अक्षर लाव, जुळलं पन वाकडं जुळलं वालं."

तर म्हणे, "आई, या नंबराले शेवटचं अक्षर नसते. इलाज चालू, जुळून राहिलं, असं काहीच लिहाची सोय नाही त्यात. एकदा लागला का लागला."

आता काय करता? आज सकाळी कापणीच्या हिशेबाले अंगणात बाया मोजाले उभी राहिली. एक, दोन, तीन, करंगळी झाली. अंगठा चौथ्या पेरावर आला, अजून दुखते तिथं. कुडाच्या भिंतीपलीकडून आवाज आला, "हजर हाय वो, बायजाबाई."